टँकरच्या आधी वही : गावाने पाण्याचा हक्क कसा मागायचा

एप्रिलमध्ये टँकरचा अर्ज घेऊन आम्ही सात-आठ जणी पंचायत समितीत गेलो होतो. अर्जात लिहिलं होतं, 'गावात भीषण पाणीटंचाई आहे, तरी त्वरित टँकर मिळावा ही विनंती.' खाली चाळीस सह्या आणि अकरा अंगठे. टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, लोकसंख्या किती? पाण्याचा उद्भव कोणता, विहीर की हातपंप? त्यात आज पाणी किती? कधीपासून कमी झालं?"

लोकसंख्या फोन करून सरपंचांना विचारली. बाकीच्या प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. रोज त्या विहिरीवर तीन-तीन तास उभ्या राहणाऱ्या आम्हीच, पण पाणी किती हे कुणी मोजलंच नव्हतं. टँकर आला तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या माणसाची काही चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. तलाठ्याला पाठवून दोन दिवसांत पाहणी करता आली असती. पण त्या दिवशी एक कळलं. तिथे हंडा आपटून भागत नाही, आकडा लागतो.

पुढच्या वर्षी आम्ही दोनशे पानी वही घातली. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला, चौदाशे वस्तीचं. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतून आलेलं आहे. राज्यातल्या कुठल्याही गावाला ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी हे पाठ करा : हक्क लिहिलाय कुठे

'पाण्याचा हक्क' असे शब्द आपल्या राज्यघटनेत कुठेही नाहीत. तो येतो अनुच्छेद २१ मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. आपल्या कामाला सगळ्यात जवळचा निकाल मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा, डिसेंबर २०१४ चा. पाणी हक्क समितीने मुंबई महापालिकेविरुद्ध केलेल्या याचिकेत न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणावरून तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही.

अर्जात हे सगळं उतरवू नका. 'अनुच्छेद २१ अन्वये' एवढे दोन शब्द शेवटच्या परिच्छेदात पुरतात. कायद्याने सुरू होणारा अर्ज बाजूला पडतो, आकड्याने सुरू होणारा वाचला जातो.

मागण्याचं माप दोन प्रकारचं आहे, त्यांची गल्लत करू नका. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने मिळायचं आहे. टंचाईत टँकरने द्यायचं माप माणशी २० लिटर. वीस लिटर म्हणजे दीड हंडा! त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ आणि संडास. हे माप ठरवणाऱ्यांपैकी कुणी दीड हंड्यात दिवस काढून पाहिला असेल का, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात पडतो. पण टँकरच्या खेपा मोजताना हाच आकडा धरावा लागतो.

विहीर मोजा

लागणारं सामान : एक सुती दोरी, तिच्या टोकाला बांधायला दगड, शिंप्याकडची टेप, वही, पेन. दोरीला दर फुटावर गाठ मारा आणि दर पाचव्या गाठीला लाल चिंधी बांधा. विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरवून तिथे ऑइलपेंटने खूण करा. माप दर वेळी त्याच खुणेवरून घ्यायचं. आम्ही पहिल्या महिन्यात जिथे उभं राहता येईल तिथून मोजत होतो, कठडा एका बाजूला खचलेला होता आणि त्यामुळे दोन आठवडे विहिरीचं पाणी कागदावर वाढत होतं.

विहिरीत पाणी किती, याचं गणित फुटांत सोपं आहे. व्यास गुणिले व्यास, गुणिले ०.७८५, गुणिले पाण्याची खोली, गुणिले २८.३. उत्तर लिटरमध्ये येतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मग रोज गुणाकार करायला नको.

पण नुसतं साठलेलं पाणी मोजून टंचाई सिद्ध होत नाही. मोजायचा तो झरा. रात्री नऊला मोटार बंद करा, पोहरे थांबवा, पातळी घ्या. पहाटे पाचला पुन्हा घ्या. आठ तासांत किती चढलं?

आमच्या विहिरीत मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठ तासांत एक फूट पाणी चढलं. म्हणजे ८,९०० लिटर, म्हणजे तासाला अकराशेच्या आसपास, दिवसाला पावणेसत्तावीस हजार. गावाची गरज टंचाईच्या मापाने चौदाशे गुणिले वीस, २८,००० लिटर. म्हणजे चोवीस तासांतलं थेंबन् थेंब उपसलं तरी गाव मार्चमध्येच टंचाईत होतं. एप्रिलच्या मध्यावर तोच झरा अर्ध्या फुटावर आला. ही दोन मापं पाहणीला आलेल्या साहेबांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी स्वतः दोरी सोडून बघितली, आणि पुढे काही बोलावं लागलं नाही.

पावसाळ्यानंतर महिन्यातून एकदा, जानेवारीपासून आठवड्यातून एकदा आणि मार्चपासून दर तीन दिवसांनी मोजा. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि दोघींच्या सह्या. हातपंपाची नोंद वेगळी : किती दांडे मारल्यावर पाणी येतं आणि हंडा किती वेळात भरतो. आमच्या शाळेजवळच्या पंपाला फेब्रुवारीत वीस दांडे लागत होते, एप्रिलमध्ये सत्तर. तेही लिहिलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कोणती ते जिल्हा कार्यालयात विचारा आणि तिचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी लिहा. सरकारचा आकडा सरकारपुढे ठेवला की वाद कमी होतो.

वही कुणाच्या घरी ठेवू नका. आमची अंगणवाडीत असते.

पाऊस किती पडला आणि गेला कुठे

हा भाग टँकरला लागत नाही, पण तो केल्याशिवाय टँकर कधीच सुटत नाही.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर धरा आणि पाऊस नुसता ५०० मिलिमीटर. गुणाकार केला तर ४०० कोटी लिटर होतात. आता चौदाशे माणसांना रोज ५५ लिटर, वर्षाचे ३६५ दिवस, धरले तर दोन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. म्हणजे पडलेल्या पाण्यातल्या शंभर लिटरमागे एक लिटरसुद्धा पिण्याला लागत नाही. बरंच पाणी वाहून जातं, बरंच उन्हाने उडतं, हे खरं. तरी हा हिशेब मी पहिल्यांदा फळ्यावर मांडला तेव्हा मंदिरातल्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आजोबा म्हणाले, "म्हंजे पाऊस कमी पडतो म्हून आपण मरत न्हाई तर."

नाही. पाऊस लहरी आहेच, पण पिण्याचं पाणी आटतं ते आधी दुसरीकडे उपसलं जातं म्हणून. राज्याच्या चार पंचमांशाहून जास्त भागात खाली बेसाल्ट आहे, काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि मांजऱ्या खडकात. ती थोडक्या जाडीची कोठी आहे, आणि तिच्यात आपली वीस फूट खोल विहीर, शेजारच्या शेतातली चाळीस फूट खोल आणि पलीकडची तीनशे फुटांची बोअर अशा सगळ्यांच्या नळ्या एकाच पेल्यात घातल्यासारख्या आहेत. ज्याची नळी लांब, त्याचं पिणं शेवटपर्यंत चालतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच ओळखलं. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस आणि केळी लावायची नाही असं ठरवलं. पाऊस मोजायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणतं पीक बसतं ते ग्रामसभेत ठरवायचं. त्या गावासारखी एकी सगळीकडे होत नाही, आमच्याकडेही झालेली नाही. पण दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा ताळेबंद खडूने लिहिला तरी रब्बीच्या पेरणीआधी माणसं दोनदा विचार करतात. पर्जन्यमापक घ्यायला पैसे नसतील तर महसूल मंडळाचे आकडे तहसीलमध्ये मिळतात.

ऑक्टोबरमध्ये ठराव, एप्रिलमध्ये नव्हे

टंचाई कृती आराखडा दर वर्षी तीन टप्प्यांत होतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. तुमचं गाव आराखड्यात नसेल तर एप्रिलमध्ये पहिली अडचण तीच निघते. म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोडू नका. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. पाण्याचा ठराव महिला सभेत मांडून मंजूर करा आणि मग ग्रामसभेत न्या. तो तिथे आयत्या वेळचा विषय म्हणून ढकलता येत नाही. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. ती नसल्याचं कारण देऊन सभा तहकूब होते, तेव्हा त्या दिवशी बायकांना घेऊन जाणं हेच अर्धं काम.

ठराव असा लिहा :

'गावाची लोकसंख्या १,४००, पैकी तांडा २१० व वस्ती १६०. पिण्याच्या पाण्याचे उद्भव : एक सार्वजनिक विहीर, चार हातपंप (पैकी दोन बंद). दि. … रोजी विहिरीची पातळी … फूट, आठ तासांतील भरणा … फूट. मागील वर्षी दि. … पासून भरणा दैनंदिन गरजेपेक्षा कमी झाला. सबब जानेवारी ते मार्च टप्प्यात विहिरीतील गाळ काढणे व हातपंप दुरुस्ती, आणि एप्रिल ते जून टप्प्यात खाजगी विहीर अधिग्रहण व गरजेनुसार टँकर प्रस्तावित करावे.'

गाळ, दुरुस्ती आणि अधिग्रहण यांचा क्रम मुद्दाम असा आहे. टंचाईत सरकारकडे नऊ तऱ्हेचे उपाय आहेत : नवी विंधन विहीर (बोअर), विंधन विहिरीची विशेष दुरुस्ती, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळ योजना, अपुरी योजना पूर्ण करणं, विहीर खोल करणं किंवा गाळ काढणं, बुडक्या (नदीपात्रात पाण्यासाठी खड्डे) घेणं, खाजगी विहीर अधिग्रहित करणं आणि टँकर किंवा बैलगाडी. टँकर हा शेवटचा. 'आधी बाकीचं करून बघा' हे उत्तर एप्रिलमध्ये ऐकायचं नसेल तर बाकीचं जानेवारीतच मागून ठेवा. अधिग्रहणात विहिरीच्या मालकाला पैसे मिळतात, पण ते उशिरा येतात आणि म्हणून माणसं तयार होत नाहीत. गेल्या वर्षीचे पैसे मिळाले का, हे आधी मालकाला विचारा. मिळाले नसतील तर त्याचा अर्ज आपणच लिहून द्या. आम्हाला चांगल्या पाण्याची एक विहीर केवळ त्यामुळे मिळाली.

ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्क्यासह घ्या आणि पंचायत समितीत देताना आपल्या प्रतीवर पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख नसलेला कागद दिलाच नव्हता असं समजा.

टँकर : खेपा मोजा, पाणी बघा

ग्रामपंचायतीचा ठराव गटविकास अधिकाऱ्याकडे जातो, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी होते आणि त्यानंतर मंजुरी. पाहणीच्या दिवशी गाव घरी हवं. विहिरीवर दोरी, वही आणि रांगेतले हंडे असू द्या. हार-तुरे, चहा-पोह्यांची गरज नसते.

खेपांचं गणित आधी करा. २८,००० लिटर गरज आणि टँकर १२,००० लिटरचा, तर दोन खेपांनी भागत नाही, तीन लागतात. जनावरांच्या पाण्याचा हिशेब वेगळा मागा. तो विसरला की माणसांच्या वीस लिटरमधूनच गाय पिते. मंजुरीच्या आदेशात खेपा किती, पाणी कुठून भरायचं आणि कोणकोणत्या वस्त्यांना द्यायचं ते वाचा. आमच्या पहिल्या आदेशात तांड्याचं नावच नव्हतं.

टँकरला जीपीएस असतं, तरी आपली नोंद आपण ठेवायची. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, टाकी भरलेली होती की अर्धी, आणि दोन बायकांच्या सह्या. ड्रायव्हरच्या लॉगबुकवर महिन्याच्या सगळ्या सह्या एकदम करून मागतात. देऊ नका. तो बिचारा वाईट नसतो, त्याला मालकाने सांगितलेलं असतं. पण न आलेल्या खेपेवर सही केली की ती खेप आलीच.

टँकर थेट विहिरीत ओतायची पद्धत आहे. कोरड्या विहिरीच्या तळाच्या भेगांत किती पाणी जातं ते संध्याकाळी दोरी सोडून बघा. आणि वर विहिरीभोवती जी झुंबड होते, तीत पोरी कठड्यावरून आत पडतात. प्लास्टिकची पाच-पाच हजार लिटरची टाकी दोन ठिकाणी ठेवून तोट्या लावल्या तर दोन्ही प्रश्न सुटतात. वित्त आयोगाच्या निधीतून पाण्याची कामं घेता येतात, त्यासाठी ठराव करा.

पाचशे मीटर

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ सालचा, २०१४ पासून लागू. त्यातलं सगळ्यात उपयोगी कलम असं : सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. टंचाई जाहीर झालेल्या क्षेत्रात एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावरही बंधन घालता येतं. साठ मीटरपेक्षा खोल बोअरवरही या कायद्यात निर्बंध आहेत. पाचशे मीटरचा नियम १९९३ च्या जुन्या कायद्यातही होता, म्हणजे तो मोडायची सवय तीस वर्षांची आहे.

अर्ज तहसीलदाराकडे द्या, प्रत प्रांताधिकाऱ्यांना आणि भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयाला. फोनमधल्या नकाशावर विहीर आणि बोअर यांतलं अंतर मोजून स्क्रीनशॉट जोडा. बोअरची गाडी रात्रीच येते. गाडी दिसली की फोटो, गट नंबर आणि वेळ लगेच पाठवा. खड्डा झाल्यावर 'जुनीच होती' असं निघतं.

कायदा सांगणं सोपं आहे. आमच्या विहिरीपासून साडेतीनशे मीटरवरची बोअर माझ्या चुलत दिरांची होती. अर्ज लिहून पंधरा दिवस माझ्या उशीखाली पडून होता. शेवटी तो देण्याआधी सासूबाईंनाच मध्ये घातलं. भाऊजींना पहाटे पाचला विहिरीवर आणलं, आदल्या रात्री त्यांची मोटार चालू असताना चढलेलं पाणी दाखवलं : चार बोटं. दुसऱ्या रात्री त्यांनी मोटार बंद ठेवली. पहाटे जवळजवळ वीतभर चढलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी एक रात्र सोडून उपसा केला आणि मोसंबीची चाळीस झाडं वाळली, हेही खरं. त्याची भरपाई त्यांना कुणी दिली नाही. भाऊबंदकीत अर्ज हा शेवटचा ठेवावा असं माझं मत. पण अनोळखी बागायतदार किंवा पाणी विकणारा असेल तर पहिल्या दिवशीच द्यावा.

नळ आहे, पाणी नाही

घरोघरी निळ्या पाइपाची तोटी आली, फोटो काढले गेले, आणि तोटीला आता शेरडं बांधतात. अशा गावाने भांडायचं ते माहितीच्या अधिकाराने. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून दोन अर्ज करा.

पहिल्यात मागा : योजनेचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराला दिलेल्या रकमा. दुसऱ्यात : उद्भव शाश्वत असल्याचा दाखला, चाचणीचा अहवाल, आणि योजना ग्रामपंचायतीने ताब्यात घेतल्याची तारीख. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपये. नंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाकडे.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. या कायद्यात नुसते कागद नव्हे, तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अंदाजपत्रकात पाइप तीन फूट खोल असेल आणि जमिनीत वीतभरावर लागत असेल, तर पाहणी मागा, कुदळ घेऊन जा आणि मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्याशेजारी टेप धरून फोटो काढा. हस्तांतरणाच्या ठरावावर मात्र सही घाईने होऊ देऊ नका. एकदा योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली की फुटका पाइप, जळालेली मोटार आणि थकलेलं वीजबिल हे सगळं गावाचं.

पाणी पिण्यासारखं आहे का

थोडक्यात सांगते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दोन फूट पाणी असेल तर नव्वद ग्रॅम, बारा हजारांच्या टँकरला साठ. कालवून, निवळी टाकून अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला क्लोरिन उडतो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. शेवटच्या घरातल्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलाय का ते बघणारी) जलसुरक्षकाकडून आपल्यासमोर करून घ्या. पिवळा रंग आला पाहिजे. टाकीजवळच्या नळाची टेस्ट करून समाधान मानू नका.

फ्लोराइड आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत आणि टीसीएलने जात नाहीत. लिटरला फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. नायट्रेट ४५ पर्यंत. उन्हाळ्यात खोल बोअर सुरू केली की एकदा प्रयोगशाळेत नमुना पाठवाच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी किट वापरायला शिकवायचं असतं. त्या पाच कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. आमच्याकडे यादीत माझंच नाव निघालं आणि मला ते दोन वर्षं माहीत नव्हतं. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला दिलेलं कार्ड लाल (धोका जास्त), पिवळं की हिरवं (धोका कमी) तेही विचारा.

ज्यांना विहिरीवर येऊ देत नाहीत

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर गेले, त्याआधीच तळं सर्वांना खुलं केल्याचा नगरपालिकेचा ठराव झालेला होता. ठराव असूनही पाण्याला हात लावू देत नव्हते, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आज घटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहीर, तळं आणि घाट यांची नावं घेऊन मनाई लिहिलेली आहे. तरी टंचाई आली की जुनं डोकं वर काढतं : 'आधी गावाचं होऊ द्या, मग तुमची पाळी.' टँकरच्या मार्गात वस्ती शेवटी, आणि शेवटी टाकीत गाळ.

उघड अडवणूक झाली तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. सार्वजनिक विहीर, तळं, झरा वापरू न देणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बहुतेक वेळा अडवणूक उघड नसते, ती वेळापत्रकात असते. म्हणून वहीत वस्तीनिहाय नोंद ठेवा : कोणत्या वस्तीत किती वाजता आणि किती लिटर. आमच्या वहीत सलग अठरा दिवस तांड्याच्या रकान्यात 'रात्री ९ नंतर' असं होतं. ते पान ग्रामसभेत मोठ्याने वाचल्यावर एकोणिसाव्या दिवशी टँकर आधी तांड्यावर गेला.

शहरातल्या वस्त्यांत काम करणाऱ्यांसाठी एवढंच : वर सांगितलेला २०१४ चा निकाल १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांबद्दल होता, आणि मुंबई महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण २०२२ मध्ये आलं. पाच-पाच, दहा-दहा घरांनी गट करून सामाईक जोडणीचा अर्ज करा आणि तो नाकारला तर नकार लेखी मागा. तोंडी नकाराला अपील करता येत नाही.

कुणीच ऐकत नसेल तर

क्रमाने जा. गटविकास अधिकारी, मग तहसीलदार, मग जिल्हाधिकारी कार्यालयातला महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. सोबत 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार, तिचा टोकन क्रमांक वहीत. रस्ता रोको आम्हीही केलाय. त्याने टँकर दोन दिवसांत आला आणि चौघांवर गुन्हे दाखल झाले; त्या तारखांना ती पोरं अजून जातात.

त्यापेक्षा एक दार आहे, ते क्वचित कुणी ठोठावतं : स्थायी लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात सार्वजनिक उपयोगी सेवांच्या यादीत पाणीपुरवठा आहे. कोर्ट फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि आधी समेटाचा प्रयत्न होऊन तो फसला तर ही अदालत निर्णयही देऊ शकते. मात्र तोच वाद आधी कोर्टात नेलेला नसावा. आपल्या जिल्ह्यासाठी ती कुठे बसते ते जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात कळेल. तिथे बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकीलही मिळतो.

जाताना ठराव, पोच, टँकरच्या नोंदी आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स घ्या. मूळ वही दाखवा, पण हातातून सोडू नका. आमची पहिली वही एका साहेबांनी 'बघून देतो' म्हणून ठेवून घेतली होती. सध्याची चौथी आहे, आणि तिच्या पुठ्ठ्याला भोक पाडून सुतळी ओवून ती आम्ही अंगणवाडीच्या खिडकीच्या गजाला बांधलेली आहे.